घाटातली दरड: धोंडा कुठून सुटेल, कुठवर येईल आणि कुठे अडवायचा

घाटात दरड आली की मागणी ठरलेली असते: तिथे जाळी बसवा. जाळी बसते, फोटो निघतात आणि पुढच्या पावसात दरड शंभर मीटर पलीकडे येते, नाहीतर त्याच जाळीसकट रस्त्यावर उतरते. दोष बहुतेक वेळा जाळीच्या दर्जाचा नसतो. धोंडा कुठून सुटणार, केवढा असणार, कुठल्या वाटेने आणि किती जोरात येणार, हे कुणी विचारलेलंच नसतं. या लेखात हे प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत आणि जाळी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे. कनिष्ठ अभियंते, भूशास्त्राचे विद्यार्थी, साइटवरचे इंजिनिअर आणि घाटाखालच्या गावांतली जाणती माणसं यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आराखड्यावर शेवटची सही मात्र अनुभवी भूतंत्र अभियंत्याचीच हवी.

आधी दरडीची जात ओळखा

सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे आणि हे थर जवळजवळ आडवे आहेत. एक थर टणक, काळा, उभ्या भेगांचा. त्याखालचा सच्छिद्र, मऊ, कधी दोहोंच्या मध्ये विटकरी रंगाचा भुसभुशीत पट्टा. पाऊस आणि ऊन मऊ थराला आधी खातात. वरचा टणक थर छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एके दिवशी उभ्या भेगेपासून सुटतो. कुंभार्ली, आंबा, वरंधा या घाटांतल्या उघड्या कड्यांवर नजर फिरवली तर हे छज्जे रस्त्यावरूनही दिसतात. ही खरी कातळदरड.

दुसरी जात मुरमातल्या धोंड्यांची. बेसॉल्ट कुजताना बाहेरून पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल, टणक गाभा उरतो. रुंदीकरणासाठी डोंगर उभा कापला की असे गाभे मुरमात अर्धवट रुतलेले दिसतात. पाऊस भोवतालचा मुरूम धुतो आणि धोंडा निघतो. किनाऱ्याकडच्या सड्यांच्या, म्हणजे उघड्या पठारांच्या, कडांवर जांभ्याचं तेच होतं: वरचं टणक कवच शाबूत, खालची चिकणमाती धुपलेली.

तिसरी जात म्हणजे अख्खा उतारच चिखल होऊन खाली येणं. महाड तालुक्यातल्या तळियेला जुलै २०२१ मध्ये आणि खालापूरच्या इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये हेच घडलं. तिथे धोंडा अडवणारं कुंपण काहीच कामाचं नाही. या लेखातली पद्धत पहिल्या दोन जातींसाठी आहे. उतार तिसऱ्या जातीचा असेल तर इथेच थांबा आणि उताराच्या स्थैर्याचा वेगळा अभ्यास करून घ्या. माझ्या मते कोकणातल्या बऱ्याच फुकट गेलेल्या खर्चाचं मूळ या पहिल्याच पायरीवर आहे.

पाहणी: वर्षातून दोनदा, वेगवेगळ्या कारणांसाठी

पहिली पाहणी पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर. तेव्हा पाणी कुठल्या भेगेतून पाझरतंय, कुठला पऱ्या कड्यावरून थेट कापावर (रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीवर) पडतोय, ते दिसतं. दुसरी जानेवारीनंतर, गवत वाळल्यावर. तेव्हा कातळ दिसतो. मेमध्ये निघणारी 'मान्सूनपूर्व पाहणी' कागदासाठी ठीक आहे, पण त्यात सापडलेल्या धोंड्याचं काही करायला वेळच उरत नाही. कोकण रेल्वेवरचे दोन मोठे अपघात, वैभववाडीजवळचा २२ जून २००३ चा आणि वीर–करंजाडी भागातला १६ जून २००४ चा, दोन्ही जूनमधले आहेत. पहिल्या अपघातात ५० हून अधिक माणसं गेली. जूनची पहिली मोठी सर उन्हाळाभर सैल झालेलं सगळं एकदम खाली आणते.

सोबत टेप, कंपास, कोन मोजायचं साधन, दुर्बीण आणि रंगाचा डबा घ्या. मोबाइलमधलं कोनमापकही चालेल. पण सुरुवात कड्यापासून करू नका, डांबरापासून करा. डांबरातले खळगे, वाकलेला क्रॅश बॅरियर, फुटलेला कठडा, दरीकडच्या झाडांच्या बुंध्यांवरच्या जखमा या सगळ्या धोंड्यांच्या सह्या आहेत. बुंध्यावरची जखम जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, कारण ती उसळीची उंची आहे. मग मैलकुली, एसटीचे चालक आणि घाटातला वडापाववाला यांना विचारा. कुठल्या वळणावर, कुठल्या महिन्यात, केवढा दगड, रात्री की दिवसा. ही माहिती कार्यालयातल्या कुठल्याच फायलीत नसते. 'माकडं दगड पाडतात' असं ऐकायला मिळेल. हसून सोडून देऊ नका. माकडाच्या वजनाने सुटणारा दगड म्हणजे वरचा उतार सैल झाल्याची पक्की खूण आहे.

आता गटारात आणि पायथ्याशी पडलेले धोंडे मोजा. प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी, निदान ५० धोंड्यांची. मग कड्यावरच्या भेगांमधलं अंतर दुर्बिणीतून किंवा ड्रोनच्या छायाचित्रातून मोजा. खाली पडलेल्यांपेक्षा वर अडकलेले मोठे असतील तर आराखडा वरच्यांसाठी करायचा. पिंपळ, वड, उंबर यांची मुळं शिरलेल्या भेगांची वेगळी नोंद ठेवा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूस्खलनप्रवणतेचे १:५०,००० चे नकाशे भूकोश संकेतस्थळावर मिळतात. घाटाचा कुठला पट्टा आधी बघायचा हे ठरवायला ते चांगले. एखाद्या वळणाचा निर्णय त्यावरून घेऊ नका.

आधी कुठे? गुण देऊन क्रम लावा

पैसे एका वर्षात चार-पाच जागांपुरतेच मिळतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या महामार्ग खात्याने यासाठी बसवलेली गुणपद्धत आजही वापरात आहे. प्रत्येक निकषाला ३, ९, २७ किंवा ८१ गुण. कड्याची उंची ७.५ मीटर असेल तर ३, १५ ला ९, सुमारे २३ ला २७ आणि ३० मीटरला ८१. धोंडा ३० सेंटिमीटरचा असेल तर ३, १२० सेंटिमीटरचा असेल तर ८१. शिवाय गटाराची धोंडा पकडण्याची क्षमता, चालकाला समोरचं किती अंतर दिसतं, रस्त्याची रुंदी, भेगांची रचना, पाणी, आधीच्या घटना. बेरीज ३०० च्या खाली असेल तर जागा थांबू शकते. ५०० च्या वर गेली तर थांबू नये.

यातला एक निकष आपल्याकडे नीट लावला जात नाही, तो म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात एका क्षणी किती वाहनं असतात. समजा दिवसाला ६,००० वाहनं, म्हणजे तासाला २५०. पट्टा ४०० मीटरचा, वेग ताशी ४० किलोमीटर. २५० × ०.४ ÷ ४० = २.५. म्हणजे कुठल्याही क्षणी दोन-तीन गाड्या कड्याखाली आहेतच. आता गणपतीच्या आधीचा शुक्रवार घ्या. तासाला १,००० गाड्या आणि वेग ताशी १० धरला तर १,००० × ०.४ ÷ १० = ४०. चाळीस गाड्या, चाकरमान्यांनी भरलेल्या, आणि तेही ऐन पावसाळ्यात. वार्षिक सरासरीवर काढलेला गुण इथे फसवतो. मुंबई–गोवा महामार्गावरच्या कुठल्याही घाटासाठी गणपतीचा आठवडा वेगळा धरून गुण काढा. घाटात कोंडी होऊ न देणं हाही दरडीपासूनचा बचाव आहे, आणि त्याला जाळीच्या मानाने जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

संगणक उघडण्याआधी हाताने गणित

रस्त्यावर उभं राहून धोंडा सुटू शकेल अशा कातळाकडे कोन मोजा. आडव्या रेषेपासून तो कोन ३२ अंशांहून जास्त असेल तर धोंडा रस्त्यापर्यंत येऊ शकतो असंच धरा. २७-२८ च्या खाली असेल तर तो वाटेतच थांबण्याची शक्यता खूप मोठी. मधल्या पट्ट्यात संगणकावरचं मॉडेल लागतं. कापाच्या उभ्या भिंतीसाठी ही कसोटी निरर्थक आहे, तिथे धोंडा येणारच. तिचा उपयोग वरच्या, जंगलामागे दडलेल्या नैसर्गिक कड्यांसाठी. रस्त्यावरून ते दिसत नसतील तर नकाशावरून उंची आणि आडवं अंतर घ्या. ६० मीटर उंचीवरचा कडा २८ अंशांच्या हिशोबाने सुमारे ११३ मीटर आडव्या अंतरापर्यंत पोचू शकतो. रुंदीकरणाच्या आराखड्यात कापाच्या वरचे असे कडे सहसा येतच नाहीत, कारण ते संपादित जागेच्या बाहेर असतात.

मग ऊर्जा. बेसॉल्टचं वजन घनमीटरला साधारण २.८ टन. एक मीटर बाजूचा धोंडा २० मीटर सरळ पडला तर त्याचा वेग √(२ × ९.८१ × २०), म्हणजे सेकंदाला सुमारे १९.८ मीटर, ताशी ७१ किलोमीटर. ऊर्जा जवळपास ५५० किलोज्यूल. बाजू अर्ध्या मीटरची केली तर वजन ३५० किलो आणि ऊर्जा ६९ किलोज्यूल. बाजू दुप्पट झाली की ऊर्जा आठपट होते, म्हणून पाहणीत धोंड्याच्या आकारात झालेली चूक पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये भरून निघत नाही.

पाण्याचंही गणित इथेच करा. तीन मीटर खोल उभी भेग पाण्याने भरली की लांबीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ४४ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांचा रेटा बाहेरच्या दिशेने बसतो. एप्रिलमध्ये पहारीनेही न हललेला धोंडा पावसाळ्यात का सुटतो, हे त्यावरून समजतं.

मॉडेल: धोंडे हजार वेळा सोडून बघायचे

मॉडेलसाठी उताराचा खरा आकार लागतो. उपग्रहावरून घेतलेलं ३० मीटरच्या चौकटीचं उंचीचं प्रारूप इथे चालत नाही, त्यात अख्खा कडा एका-दोन चौकटींत हरवतो. ड्रोनने सर्वेक्षण करा. उभ्या कड्यासाठी कॅमेरा खाली नव्हे, कड्याकडे तिरका धरून उडवा, नाहीतर छज्ज्याखालची पोकळी येतच नाही. ड्रोनचे नियम २०२१ पासून सोपे झाले असले तरी त्या जागेचा विभाग सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधी तपासा.

दोन प्रकारचं काम करता येतं. एका छेदावर, म्हणजे डोंगरमाथ्यापासून रस्त्यापलीकडपर्यंतच्या एका रेषेवर, रॉकफॉलसारखं सॉफ्टवेअर. किंवा संपूर्ण उतारावर, रॉकीफॉरथ्रीडी किंवा स्वित्झर्लंडमध्ये बनलेलं रॅम्स. कापाच्या सरळ भिंतीला छेद पुरतो. उतारात घळी असतील तर त्रिमितीय मॉडेल घ्या, कारण घळ धोंड्यांना गोळा करून एकाच जागी आणते आणि छेदात ते दिसत नाही.

छेदावर प्रत्येक तुकड्याला उसळीचे दोन गुणांक द्यावे लागतात, म्हणजे आपटल्यावर धोंड्याचा वेग किती उरतो ते सांगणारे आकडे. पहिला पृष्ठभागाला लंब दिशेचा, दुसरा पृष्ठभागाच्या दिशेचा. प्रचलित आरंभीची मूल्यं अशी: उघड्या कातळाला ०.३५ आणि ०.८५, खडीच्या राशीला ०.३२ आणि ०.८२, झाडोरा असलेल्या मातीला ०.३० आणि ०.८०, डांबराला ०.४० आणि ०.९०. ही मूल्यं परदेशातल्या उतारांवरून आली आहेत. आपल्या मुरमाला ती जशीच्या तशी लावू नका. त्यासाठी उलट्या दिशेने जा: गेल्या वर्षी पडलेला एखादा धोंडा घ्या, त्याची सुटलेली जागा आणि थांबलेली जागा दोन्ही माहीत असलेला. मॉडेलमधून तो त्याच ठिकाणी पोचेपर्यंत गुणांक बदला. असे तीन-चार धोंडे जुळले की मॉडेल बोलायला लागतं. पावसात भिजलेला मुरूम जास्त ऊर्जा खातो, मेमधला वाळलेला कमी. दोन्ही स्थितींत चालवा आणि वाईट निकाल धरा. जांभा आपटून फुटतो, त्याचे तुकडे लहान पण संख्येने जास्त आणि अनपेक्षित दिशांना जातात.

प्रत्येक स्रोतापासून निदान १,००० धोंडे सोडा. निकालात तीन आकडे बघा: रस्त्यापर्यंत किती टक्के पोचले, रस्त्याच्या कडेला त्यांची ऊर्जा किती, उसळी किती. सरासरी घेऊ नका, ९५ टक्के धोंडे ज्याच्या आत येतात ते मूल्य घ्या.

इथेच एक जुनी समजूत तपासून बघा. कापाला पायऱ्यांसारखे टप्पे दिले की धोंडे टप्प्यांवर थांबतात, असं सगळे धरून चालतात. टप्पा रुंद असेल आणि दरवर्षी साफ होत असेल तर थांबतात. अरुंद टप्प्यावर दोन पावसाळ्यांत मुरमाचा तिरका ढीग साचतो आणि खाली येणारा धोंडा त्यावर आपटून थेट रस्त्याच्या मध्यावर उडतो. मॉडेलमध्ये टप्पा एकदा रिकामा आणि एकदा भरलेला दाखवून बघा. ज्या टप्प्यावर यंत्र चढूच शकत नाही तो न ठेवलेला बरा.

उपाय: स्वस्त आणि मुळाजवळचा आधी

*सैल धोंडे काढणं.* नोव्हेंबर ते मे. दोरावर उतरणारी प्रशिक्षित माणसं, पहारी, गरजेप्रमाणे हायड्रॉलिक जॅक किंवा भोकात भरल्यावर फुगून कातळ फोडणारी भुकटी. सुरुंग टाळा, तो शेजारच्या भेगाही उघडतो. काम वरून खाली, वाहतूक पूर्ण थांबवून. पोकलेन खाली उभा करून कापाचा तळ कोरणं हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात घातक प्रकार आहे. राडारोडा पटकन निघतो आणि वरच्या पाच मीटरांचा आधार त्यासोबत जातो. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड पडल्यावर सैल कातळ काढण्यासाठी वाहतूक थांबवावी लागली होती. परशुराम घाटातही २०२२ च्या उन्हाळ्यात दुपारी काही तास रस्ता बंद ठेवून काम झालं. प्रवासी वैतागतात, पण दुसरा मार्ग नाही. पर्यायी रस्ता मात्र आधी ठरलेला हवा. करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे गेली. पर्यायी घाटाची पाहणी त्याच हंगामात करणं याचाच भाग आहे.

*पाणी.* कापाच्या डोक्यावर, कडेपासून मागे, पक्कं गटार. त्याचं तोंड जवळच्या पऱ्यात, कापाच्या अंगावर नव्हे. कातळात किंचित वर चढत्या कोनात आडवी भोकं पाडून पाणी बाहेर काढा. शॉटक्रीट (कातळावर फवारलेलं काँक्रीट) मारायचं असेल तर पाझरछिद्रांशिवाय मारू नका, मागे पाणी तुंबून अख्खी खपली निघते. वर वाडी किंवा बाग असेल तर सांडपाणी आणि शेततळं कुठे जिरतंय ते बघा.

*पायथ्याचा चर.* जागा असेल तर यासारखा उपाय नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत रिची या अभियंत्याने खरे धोंडे लोटून चराची मापं बसवली. त्यानुसार १० ते २० मीटरच्या जवळजवळ उभ्या कड्याखाली सुमारे ४.६ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल चर लागतो. आपल्या घाटांत तेवढी जागा क्वचित मिळते, आणि मिळते तिथे टपरी उभी राहते.

*बोल्ट आणि लटकती जाळी.* एखाद-दुसरा मोठा धोंडा असेल तर तो जागेवर बोल्टने, म्हणजे मागच्या कातळात खोल रोवलेल्या पोलादी दांड्याने, बांधा. प्रत्येक नाही तरी काही बोल्ट ओढून तपासायचेच. सर्वत्र लहान दगड सुटत असतील, साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतचे, तर दुहेरी पिळाची षटकोनी जाळी वरून सोडा. तिचं खालचं टोक मोकळं ठेवा, म्हणजे दगड तिच्यामागून घसरत चरात येतात. टोक बांधून टाकलं की जाळी पोटासारखी फुगते आणि तिला वर धरून ठेवणारे अँकर उपटते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधं गॅल्व्हनायझिंग टिकत नाही, जस्त-ॲल्युमिनियमचा थर आणि त्यावर पॉलिमरचं आवरण मागा.

*धोंडा अडवणारं कुंपण.* स्रोत फार वर असेल किंवा तिथे पोचता येत नसेल तेव्हा. युरोपीय मानकानुसार कुंपणं १०० पासून ४,५०० किलोज्यूलच्या पुढेपर्यंतच्या वर्गांत चाचणी होऊन येतात. समजा मॉडेलने कुंपणाच्या जागी ४२० किलोज्यूल आणि २.४ मीटर उसळी दिली. १.३ चा सुरक्षागुणक धरून ५४६, म्हणजे ५०० चा वर्ग पुरत नाही, १,००० चा घ्या. हा आकडा एकदाच झेलण्याचा आहे. वारंवार झेलायचं असेल तर सेवापातळीची क्षमता बघतात, ती त्याच्या एक तृतीयांश, इथे सुमारे ३३० किलोज्यूल. उंची: २.४ अधिक धोंड्याची त्रिज्या ०.५ अधिक ०.५ मोकळीक, म्हणजे ३.४. तेव्हा ४ मीटर.

निविदेत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे कुंपणाचं लवणं. असं कुंपण धोंडा थांबवताना काही मीटर पुढे ताणलं जातं. ते रस्त्याच्या कडेला उभं केलं तर धोंडा जाळीतच राहील, पण जाळी गाडीवर असेल. मॉडेलमध्ये दोन-तीन जागा बघा आणि जिथे वेग आणि उसळी कमी, पुढे लवायला जागा आणि मागे सफाईला वाट आहे, तिथे बसवा. मुरमाच्या उतारावर खांबाच्या पायासाठी खोल अँकर लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१५ ची एसपी १०६ ही मार्गदर्शिका उपायांच्या निवडीसाठी हाताशी ठेवा. कोयनेच्या शेजारचा कुंभार्ली घाट असेल तर भूकंपाचा भारही धरा. तिथला १९६७ चा धक्का विसरण्यासारखा नाही.

पावसाळ्याची शिस्त

संशयास्पद भेगांवर सिमेंटची पट्टी लावा, तारीख लिहा. पट्टी फुटली की भेग हलली. दोन बाजूंना दोन खिळे ठोकून अंतर मोजलं तर किती हलली तेही कळतं. पाऊस महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातल्या मंडळनिहाय केंद्रावरून घ्या, पण घाटमाथ्याचा आणि पायथ्याचा पाऊस वेगळा असतो, म्हणून घाटात स्वतःचं पर्जन्यमापक हवंच. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला सर्वांत वरच्या श्रेणीत धरतं. तुमचा घाट त्याच्या निम्म्यावरही दगड टाकत असेल, आणि ते तुमच्या नोंदवहीतूनच कळेल. प्रत्येक पडझडीला तारीख, वेळ, ठिकाण, आकार आणि आधीच्या २४ व ७२ तासांचा पाऊस लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत गस्त कधी वाढवायची आणि रस्ता कधी बंद करायचा याचे आकडे हाती येतात. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक आणि कमी वेग ठेवते, कापांवर माणसं गस्त घालतात. रस्त्याला हे जमणार नाही असं म्हणण्याचं कारण मला दिसत नाही.

दरड पडलीच, तर जेसीबी लगेच लावू नका. आधी एक माणूस समोरच्या बाजूने, सुरक्षित अंतरावरून, दुर्बिणीने सुटलेली जागा बघेल. ताज्या रंगाचा कातळ, गळणारी माती, उघडी भेग दिसली तर थांबा. उपसा चालू असताना एकजण फक्त वर बघत राहील, शिटी हातात घेऊन, आणि दुसरं कुठलंच काम त्याला द्यायचं नाही. रात्री उपसा नको. मोकळी केलेली मार्गिका दरीकडची असू द्या, मात्र कड आधी तपासून. पडलेले धोंडे दरीत ढकलण्याआधी मोजून नोंदवहीत घ्या, पुढच्या मॉडेलला तेच लागतात. खाली वस्ती असेल तर दरीत अजिबात ढकलू नका.

ऑक्टोबरमध्ये चर, टप्पे आणि कुंपणामागचा भराव रिकामा करा, वेली तोडा, वाकलेल्या तारा बदला. यासाठी दरवर्षीची वेगळी तरतूद मूळ अंदाजपत्रकातच घालून घ्या. भरलेल्या कुंपणाची उंची ४ मीटरवरून २ वर आलेली असते, आणि मॉडेलमध्ये तुम्ही ४ धरलेली आहे.